ग्रंथ कुणाचा आणि भार कुणावर

अलोऱ्याहून चिपळूण गाठायचे आणि तिथून गुहागरच्या रस्त्याला लागायचे, की मिरजोळी येते. हमीद दलवाई या गावचे. जन्म २९ सप्टेंबर १९३२, मृत्यू ३ मे १९७७. वयाची पंचेचाळिशीही त्यांना गाठता आली नाही. तेवढ्या आयुष्यात त्यांनी 'लाट'मधल्या कथा लिहिल्या, 'इंधन' ही कादंबरी लिहिली, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त पत्रकारी केली आणि मग एकाच कामाला वाहून घेतले. त्या कामाच्या मुळाशी एक जुना प्रश्न होता. धर्मग्रंथ ईश्वराने शब्दशः पाठवला असे मानले, तर त्यातला कायदा बदलायचा अधिकार माणसाला उरतो का? दलवाईंची भूमिका रोखठोक होती. कोणताही धर्मग्रंथ, कुराणसुद्धा, माणसांच्या इतिहासात जन्मला आहे आणि म्हणून त्याची चिकित्सा करायचा हक्क माणसाला आहे.

आमच्या भागात दलवाईंचे नाव निघते ते तलाकविरोधी मोर्चामुळे. त्या मोर्चामागच्या या मूळ प्रश्नाबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. बोलायचीच वेळ आली तर दोन ठरलेले सूर लागतात. एकाला कुराणाबद्दल काही विचारणे म्हणजेच अपमान वाटतो, तर दुसऱ्याला ते विचारणे म्हणजे शेजाऱ्याला खाली बघायला लावायची संधी वाटते. दोन्ही सुरांत ग्रंथ वाचायचे कुणाच्या मनात नसते. हा प्रश्न याहून फार मोठा आहे, इस्लामच्या आत तो बाराशे वर्षांपूर्वी रक्त सांडेपर्यंत लढला गेला आहे, आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा त्याच्याशी अनेक वाटांनी संबंध आला आहे.

मी वाढलो ते अलोऱ्यातल्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत. घाटावरून आलेले पाणी कोळकेवाडीच्या वीजघरातून सुटून वाशिष्ठीकडे जाते, त्या पाण्याबरोबरच जणू सगळ्या महाराष्ट्रातून माणसे इथे आली. चाळीतल्या एका घरी संध्याकाळी मुलांची कुराणाची उजळणी चाले. आधी 'कायदा', म्हणजे अक्षरओळखीची पातळ पुस्तिका. अलिफ, बे, मग जबर, जेर, पेश या स्वरखुणा. तो संपला की पहिला सिपारा, म्हणजे कुराणाचा पहिला भाग. असे तीस सिपारे झाले की घरात गोड व्हायचे. लाकडी रेहल उघडायची, कापडी जुजदानातून ग्रंथ काढायचा, बोटाखाली एकेक अक्षर सरकवत मोठ्याने म्हणायचे. चुकले की त्या घरातल्या चाची आतून, चुलीपाशी बसल्या बसल्या, हाक द्यायच्या, "थांब, ओढून म्हण, तिथे मद्द आहे." मद्द म्हणजे स्वर लांबवण्याची खूण. चाचींच्या हातात पुस्तक नसायचे. अरबीचा अर्थ त्यांना येत नव्हता, पण एका स्वराची लांबी चुकलेली त्यांच्या कानाला खपत नसे.

कुराणाच्या प्रामाण्याचा विचार करताना मला ते स्वयंपाकघर आठवते, कारण या ग्रंथाचे जतन आधी कानांनी झाले आहे. तो 'वाचायचा' ग्रंथ होण्याआधी 'म्हणायचा' ग्रंथ होता. ११४ सूरा म्हणजे अध्याय, प्रचलित मोजणीने ६,२३६ आयती म्हणजे वचने, आणि हे सगळे तोंडपाठ असणारे हाफिज आजही रमजानच्या तरावीहच्या नमाजात रोज थोडे थोडे करून महिनाभरात पुरे म्हणतात. वेदपाठी घराण्यांचा पदपाठ आणि घनपाठ ज्याने ऐकला आहे, त्याला ही शिस्त ओळखीची वाटेल.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक वाद वाया जातात. आज हातात असलेला मजकूर सातव्या शतकातला आहे का, तो किती शाबूत राहिला, हा पहिला. तो मजकूर महंमद पैगंबरांकडे कुठून आला, हा दुसरा. पहिला इतिहासाचा प्रश्न आहे, त्याला पुरावा लागू पडतो. दुसरा श्रद्धेचा आहे.

पहिल्यावर इस्लामी परंपरा स्वतःच मोकळेपणाने बोलते. पैगंबर ६३२ मध्ये गेले. त्यानंतर यमामाच्या लढाईत कुराण पाठ असलेली पुष्कळ माणसे मारली गेली, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित यांच्याकडून मजकूर एकत्र करवला. साधारण ६५० च्या सुमाराला तिसरे खलिफा उस्मान यांनी त्यावरून अधिकृत प्रती करवून मोठमोठ्या शहरांना पाठवल्या आणि बाकीच्या प्रती नष्ट करायला सांगितले. कूफ्याचे इब्न मसूद यांना हे मान्य नव्हते. ही हकीकत कुणा विरोधकाने उकरून काढलेली नाही; हदीसकारांनीच ती जपून ठेवली. सुरुवातीच्या अरबी लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, आणि स्वर पुरते लिहीत नसत, त्यामुळे एकाच सांगाड्याचे थोडे वेगळे उच्चार शक्य होते. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी त्यातली सात पठणे प्रमाण ठरवली. भारतात हफ्स यांच्या परंपरेचे पठण चालते, मोरोक्को-अल्जेरियात वर्श यांचे. पहिल्याच सूरेत ईश्वराला आपल्याकडे 'निवाड्याच्या दिवसाचा मालक' म्हणतात, तिकडच्या पठणात 'राजा'. फरक एका स्वराच्या लांबीचा. चाची ज्या मद्दसाठी हाक मारत, त्याच्यासारख्याच लांबीचा.

आखातात नोकरीला गेलेली कोकणातली मंडळी परतताना मदिनेत छापलेली प्रत घेऊन येतात. घरातली जुनी, भारतीय धाटणीची प्रत शेजारी उघडून ठेवली तर अक्षरांचे वळण, थांब्याच्या खुणा, काही शब्दांतला अलिफ लिहायची रीत वेगळी दिसते. पठण मात्र एकच. जगभर आज दिसणारी बरीचशी एकसारखी छपाई १९२४ च्या कैरो आवृत्तीच्या वळणाने चालते. म्हणजे 'एका नुक्त्याचाही फरक नाही' हे भाविकाचे वाक्य शब्दशः घेता येत नाही, आणि 'कुराण कितीदा तरी बदलले' हे विरोधकाचे वाक्य तर मुळीच टिकत नाही.

हस्तलिखितांचा पुरावा गेल्या पन्नास वर्षांत खूप पुढे गेला. १९७२ मध्ये येमेनमधल्या सना शहराच्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत जुन्या चर्मपत्रांचा ढीग सापडला. त्यातल्या एका प्रतीवरचा पहिला मजकूर पुसून त्यावर दुसरा लिहिलेला आहे. वरचा मजकूर उस्मानी परंपरेचा. खालचा, पुसलेला, काही शब्दांत आणि सूरांच्या क्रमात वेगळा. इस्लामी ग्रंथांत इब्न मसूद वगैरेंच्या ज्या वेगळ्या प्रतींचे उल्लेख येतात, तशा प्रती खरोखर होत्या याचा हा हाती लागणारा पुरावा. मग जुलै २०१५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने आपल्या संग्रहातल्या दोन पानांची कार्बन चाचणी जाहीर केली. चामड्याचा काळ ५६८ ते ६४५ च्या दरम्यानचा, ९५.४ टक्के संभाव्यतेने. चाचणी चामड्याची आहे, शाईची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवे. तरी कुराणाला आजचे रूप पैगंबरांनंतर दीडदोनशे वर्षांनी आले, असे जे १९७७ मध्ये जॉन वान्सब्रो या अभ्यासकाने मांडले होते, ते आता धरून ठेवणे अवघड आहे. मजकूर जुना आहे. पण हिरा डोंगराच्या गुहेत, जिथे पहिला संदेश आला असे परंपरा मानते, पैगंबरांशी कोण बोलले, हे कोणतेही चर्मपत्र सांगू शकणार नाही.

दुसऱ्या प्रश्नावर भाविकाचा मोठा आधार 'इजाज', म्हणजे कुराणाची अननुकरणीयता. यासारखी एक तरी सूरा रचून दाखवा, असे आव्हान ग्रंथातच आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या बाकिल्लानी यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या भाषेची लय ज्याला कळते, त्याला हा अनुभव खराच येत असणार. तो खोडण्याचा मला अधिकार वाटत नाही. पण सौंदर्याची प्रचिती म्हणजे उगमाचा पुरावा नव्हे. अलीकडे कुराणात गर्भशास्त्र आणि खगोलशास्त्र शोधायची जी लाट आली, १९७६ च्या मोरिस ब्युकाय यांच्या पुस्तकापासून जी फोफावली, ती तर मला ग्रंथाच्याच थोरवीला उणेपण आणणारी वाटते. वेदांत विमाने शोधणाऱ्यांनी वेदांचे जे नुकसान केले, तेच हे.

आणि 'दैवी' म्हणजे नेमके काय, यावरही मुसलमानांचे एकमत नव्हते. नवव्या शतकात बगदादमध्ये मुअतझिला पंथाचे विचारवंत म्हणत होते की कुराण ईश्वराचे आहे, पण निर्मिलेले आहे, ईश्वरासारखे अनादि नाही. ८३३ मध्ये खलिफा मामून याने हेच मत सगळ्या काझींवर सक्तीने लादले. अहमद इब्न हंबल नमले नाहीत; त्यांनी तुरुंग भोगला, मामूननंतरच्या खलिफाच्या काळात फटके खाल्ले. पंधरावीस वर्षांनी सत्तेचे वारे फिरले आणि मुअतझिलांचेच मत पाखंड ठरले. बुद्धिवादी मतसुद्धा चाबकाने लादले की कसे हरते, याचे हे उदाहरण प्रत्येक सुधारकाने पाठ करावे असे आहे. आपल्याकडे मीमांसक वेदाला अपौरुषेय, कर्ताच नसलेला मानत आणि नैयायिक म्हणत की वेदाचा कर्ता ईश्वर आहे. जवळजवळ तोच वाद. विसाव्या शतकात पाकिस्तानी विद्वान फझलुर रहमान यांनी म्हटले की कुराण पूर्णपणे ईश्वराचा शब्द आहे आणि एका साध्या अर्थाने पूर्णपणे महंमदांचाही. त्यांना १९६८ मध्ये पद आणि पुढे देशही सोडावा लागला. इजिप्तच्या नस्र हामिद अबू झैद यांना १९९५ मध्ये न्यायालयाने धर्मत्यागी ठरवले, तेही मजकुराला इतिहासाच्या चौकटीत वाचल्याबद्दल.

रत्नागिरी जिल्ह्याचा संबंध मिशनऱ्यांपासून सुरू होतो. स्कॉटिश मिशनने १८२३ मध्ये बाणकोटला पाय रोवला, मग हर्णैला. पुढे मुंबईत नाव काढलेले जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकले ते हर्णैच्या किनाऱ्यावर. मुंबईत त्यांनी मोरभट दांडेकरांशी हिंदू धर्मावर वाद घातला, आणि हाजी मुहम्मद हाशिम या इस्फहानच्या विद्वानाने इस्लामची बाजू मांडली तेव्हा त्यालाही पुस्तिका लिहून उत्तर दिले. या वादांची रीतच अशी की दुसऱ्याच्या ग्रंथाला इतिहासाची फूटपट्टी आणि आपल्या ग्रंथाला श्रद्धेची.

तो दुटप्पीपणा उघडा पडला आग्ऱ्यात, १० आणि ११ एप्रिल १८५४ ला. जर्मन मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांच्यात जाहीर वादासाठी पाच विषय ठरले होते, त्यात कुराण ईश्वराचा शब्द आहे का हाही एक. कैरानवींबरोबर डॉक्टर वझीर खान होते आणि त्यांनी युरोपातल्याच अभ्यासकांनी केलेली बायबलची चिकित्सा पुढे ठेवली. फांडरला काही जागी पाठभेद कबूल करावे लागले. दोन दिवसांत दोनच विषय झाले आणि सभा मोडली. कुराणाच्या विषयापर्यंत कुणी पोचलेच नाही. कैरानवींच्या बुद्धीचे मला कौतुक आहे, पण जी चिकित्सा त्यांनी बायबलला लावली ती स्वतःच्या ग्रंथाला लावायला तेही तयार नव्हते. विल्सन आणि ते एकाच जागी उभे होते.

सगळ्यांना एकच माप लावायचे धाडस महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी दाखवले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी सरळ मांडले की सगळी धर्मपुस्तके थोर माणसांनी आपापल्या काळाला आणि समजुतीला धरून केली; प्रत्येकात काही सत्य आहे, पण आरंभापासून अखेरपर्यंत सार्वजनिक सत्य एकातही नाही. हेच फुले महंमदांवर प्रेमाने कविता लिहितात. चिकित्सा आणि आदर एका माणसात नांदू शकतात, याला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९२४ ते १९३७ या काळात, त्यांनीही ग्रंथप्रामाण्यावर प्रहार केले आणि वेदांसकट सगळे धर्मग्रंथ मनुष्यकृत मानावेत असे लिहिले. त्यांच्या राजकारणाशी दलवाईंचे मुळीच जमले नसते. दलवाई हिंदू जातीयवादालाही तितकेच कठोर बोलत. पण ग्रंथप्रामाण्याच्या बाबतीत दोघे एका दिशेने तोंड करून उभे दिसतात, हे नाकारता येत नाही.

विनोबांची वाट निराळी. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याच्या या माणसाने कुराण मुळातून वाचायचे म्हणून अरबी शिकली, उच्चार घोटले आणि भूदानाच्या पायपिटीत त्यातले वेचे निवडून १९६० च्या दशकाच्या आरंभी 'कुराणसार' दिले. पुस्तक निघण्याआधीच पाकिस्तानातल्या वृत्तपत्रात टीका झाली, की ईश्वरी ग्रंथातून निवड करणारा हा कोण. आक्षेप नीट ऐकला तर त्यात तथ्य आहे. निवड करणे म्हणजे काही बाजूला ठेवणे, आणि ते ठरवणारा विवेक ग्रंथाच्या बाहेरचा असतो. विनोबांनी उगमाचा वाद घातलाच नाही, पण निवड करून त्यांनी त्याचे उत्तर दिले होते.

माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आसफ फैजी कायद्याच्या अंगाने आले. १९६३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सुचवले की धर्म आणि कायदा वेगळे करा. कुराण त्याच्या काळात ठेवून वाचा, श्रद्धा राहू द्या, सातव्या शतकातल्या अरबस्तानचे नियम मात्र नियम म्हणूनच बघा. आतून दुरुस्ती करायची ही रीत.

दलवाईंना ती पुरी वाटत नव्हती. नव्या अर्थासाठी पुन्हा ग्रंथाकडेच जायचे, म्हणजे अखेरचा शब्द ग्रंथाचाच राहिला, आणि मौलवी अरबी तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. आधुनिक माणसाने आपल्या न्यायबुद्धीवर उभे राहावे, असे त्यांचे म्हणणे. १९६६ च्या १८ एप्रिलला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सात. त्यात त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. त्या मोर्चात एकीनेही कुराण दैवी नाही असे म्हटले नव्हते, तशी गरजही नव्हती. तीन शब्दांत घर तुटते आणि दाद मागायला जागा नाही, हे त्या सांगत होत्या. माझ्या मते दलवाईंचे सगळ्यांत मोठे काम हेच आहे. ग्रंथ कुणाचा या प्रश्नाला त्यांनी भार कुणावर पडतो या प्रश्नाची जोड दिली. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले, तेव्हा नाव घेतले ते फुल्यांचे. मंडळाला विरोध झाला, सभा उधळल्या गेल्या. मृत्यूनंतर धार्मिक विधी नकोत, असे दलवाईंनी लिहून ठेवले होते. मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांना निरोप दिला गेला.

न्यायालयांनी या वादात शिरायचे टाळले, आणि ते योग्यच केले. १९८५ मध्ये कुराणावर बंदी घाला अशी मागणी कलकत्ता उच्च न्यायालयात आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळली गेली. एखाद्या धर्माच्या मूळ ग्रंथाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम नव्हे, असे ठरले. २०२१ मध्ये २६ आयती वगळण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ५० हजार रुपयांचा दंड करून निकालात काढली. पण चिकित्सेचे काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ६ जानेवारी २०१० ला इस्लामवरच्या एका इंग्रजी पुस्तकावरची राज्य सरकारची बंदी कायम केली, तेव्हा त्याच निकालात हेही नोंदवले की धर्मावर टीका करायला या देशात मुभा आहे, धर्म त्याला अपवाद नाही. त्या पुस्तकाचे चुकले ते जाणूनबुजून द्वेष पसरवण्याच्या हेतूत, असे न्यायमूर्तींना दिसले. पुस्तकबंदी मला पटत नाही, कारण वाईट पुस्तकाला चांगल्या पुस्तकाने उत्तर द्यावे. पण टीका आणि द्वेष यांच्यातली जी रेघ त्या निकालाने ओढली, ती अलोऱ्याच्या नाक्यावरच्या गप्पांनाही लागू पडते.

तलाकचा प्रश्न न्यायालयात सुटायला लागला तो मात्र फैजींच्या वाटेने. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने सांगितले की नुसते 'तलाक दिला' म्हणणे पुरेसे नाही. कुराणाने सांगितल्याप्रमाणे कारण हवे, समेटाचे प्रयत्न झालेले हवेत, आणि ते सिद्ध करायला हवे. पुढे सर्वोच्च न्यायालयात तिहेरी तलाकविरुद्धच्या शायरा बानो प्रकरणी तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. बहुमतातल्या तिघांचीही कारणे एक नव्हती. दोघांनी राज्यघटनेतल्या समतेच्या कसोटीवर तिहेरी तलाक अवैध ठरवला, तर न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी कुराणाचाच आधार घेतला, की जे ग्रंथाला मंजूर नाही ते शरियतमध्ये चांगले ठरू शकत नाही. म्हणजे दोन मते दलवाईंच्या बाजूची आणि एक फैजींच्या, आणि ती एकत्र आली तेव्हाच बहुमत झाले. मुसलमान स्त्रीने न्याय मागण्याआधी आपली श्रद्धा सोडून यावी अशी अट घालणारा सुधारक मला मान्य नाही, आणि श्रद्धा आहे म्हणून तिने न्याय मागू नये म्हणणारा मौलवीही नाही.

तो निकाल आला २२ ऑगस्ट २०१७ ला, सात बायकांच्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी. मेहरुन्निसा दलवाई त्याच वर्षी जून महिन्यात वारल्या होत्या.